त्सो कारच्या पांढऱ्या मातीवर गाड्या घालू नका : लडाख सहलींच्या मराठी संयोजकांना खुले पत्र

प्रति,
लडाखच्या सहली, बाइक टूर आणि फोर-बाय-फोर मोहिमा काढणारे महाराष्ट्रातील सर्व संयोजक,
तसेच स्वतःच्या गाड्या घेऊन तिकडे जाणारे हौशी गट यांस

सप्रेम नमस्कार.

पुढच्या हंगामाची तुमची पत्रके व्हॉट्सअॅपवर फिरू लागली आहेत. त्यांतल्या काहींमध्ये यंदा एक नवी ओळ दिसली. लेहहून त्सो मोरीरीकडे जाताना त्सो कारच्या काठी अर्धा दिवस थांबायचे आणि सरोवराभोवतीच्या पांढऱ्या सपाटीवर ‘ऑफ-रोड’चा अनुभव घ्यायचा. थार, जिम्नी, फॉर्च्युनर, जे असेल ते घेऊन या, ड्रोनने चित्रीकरण आम्ही करून देतो, असेही खाली लिहिले आहे. आजवर हा प्रकार काही हौशी मंडळी इकडेतिकडे बघत, कोणी हटकले तर गाडी काढून घ्यायची अशा बेताने करत होती. आता तो कार्यक्रमपत्रिकेत आला आणि त्याचे पैसे घेतले जाऊ लागले. म्हणून हे पत्र लिहायला घेतले, आणि म्हणूनच ते सर्वांसमोर लिहितो आहे.

तुमच्यापैकी एकाला मी फोन केला होता. गृहस्थ सौजन्याने बोलले, म्हणून त्यांचे नाव इथे घेत नाही. ते म्हणाले, “सर, पण तिथे आहे काय? नुसती खारी माती. आम्ही काय कोणाच्या उभ्या पिकात गाड्या घालतोय?” त्यांना मनापासून तसे वाटत होते. तुमच्यातल्या बहुतेकांना तसेच वाटत असणार. या पत्रातला बराचसा मजकूर त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

आधी माझा या गोष्टीशी संबंध काय, ते सांगतो. माझा जन्म खारपाणपट्ट्यातला. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरला आहे. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली. पाऊस झाला की पाय घोट्यापर्यंत रुततो, उघडीप पडली की तीच माती दगड होते. वाफसा कधी आला आणि कधी निघून गेला ते कळत नाही. त्या मातीनेच मला मृदाशास्त्राकडे ढकलले. नोकरीभर कृषी महाविद्यालयात तोच विषय शिकवला. निवृत्तीनंतर एका माती-पाहणीच्या निमित्ताने चांगथांगात, म्हणजे लडाखच्या पूर्वेकडच्या उंच पठारावर, गेलो, आणि इतक्या उंचीवर, इतक्या थंडीत आपल्या चोपणीची भावंडे भेटली तेव्हा मला परका मुलूख वाटेचना. तेव्हापासून जात राहिलो. समद-रोकचेनच्या एका चांगपा, म्हणजे चांगथांगातल्या भटक्या पशुपालक, कुटुंबाकडे उतरतो, त्यांच्या रेबोत, म्हणजे याकच्या केसांच्या काळ्या तंबूत, चहा पितो. तेव्हा या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच मान्य.

जागा तुम्हाला ठाऊक आहे, पण गाडीच्या काचेतून. मनालीकडून येताना पांगनंतर मोरे मैदान लागते, ते संपत आले की डेब्रिंगपाशी उजवीकडे फाटा फुटतो, आणि काही वेळाने साडेचार हजार मीटर उंचीवरचे एक रुंद, चहूबाजूंनी डोंगरांनी बंद झालेले खोरे समोर येते. या खोऱ्यातून पाणी बाहेर जात नाही. दक्षिणेच्या अंगाला स्तार्त्सापुक त्सो हे लहान, गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्यातले पाणी वाहत मोठ्या त्सो कारमध्ये येते आणि तिथून त्याला एकच वाट उरते, उन्हाने उडून जाण्याची. मीठ मागे राहते. चांगपा मंडळी पूर्वी या काठावरचे मीठ गोळा करून मेंढ्यांच्या पाठीवर लादून व्यापाराला नेत. प्राचीन काळी सरोवर आजच्याहून पुष्कळ मोठे होते. त्याच्या जुन्या किनाऱ्यांच्या रेषा आजच्या पाण्याच्या बऱ्याच वर, डोंगरउतारावर अजून दिसतात. तुम्ही ज्या सपाटीवर गाड्या गरगर फिरवता ती त्या आटलेल्या सरोवराच्या तळाची बारीक गाळमाती आहे. 2020 मध्ये ही दोन्ही सरोवरे आणि भोवतालची पाणथळ मिळून 9,577 हेक्टरचे क्षेत्र रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेले. म्हणजे ‘तिथे आहे काय’ याचे एक सरकारी उत्तर आधीच दिले गेले आहे. पण ते बाजूला ठेवू आणि मातीकडेच पाहू.

कधी गाडी रस्त्यावर ठेवून, पायी जाऊन, खुरपे घेऊन तिथे बसा. वर पांढरा थर दिसतो, तो तव्यावरच्या भाकरीला पापुद्रा सुटावा तसा मातीपासून सुटून किंचित वर आलेला असतो. तो उचलला की खाली दोन बोटे पिठासारखी मऊ माती लागते. खालचे खारे पाणी मातीतून वर चढते, पृष्ठभागाशी येऊन सुकते, मिठाचे स्फटिक वाढू लागतात आणि वाढताना मातीचे कण ढकलून वेगळे करतात. त्यामुळे हा थर फुगलेला, पोकळ. त्याखाली राखाडी चिकणमाती, ओली, गच्च, सुरीने कापली तर कापलेली बाजू चकाकते. पाणथळीच्या जवळ आणखी थोडे खणलेत तर निळसर करडा थर येतो आणि सडक्या अंड्याचा वास. पाणी इतके जवळ असते. वरून कोरडी ठणठणीत दिसणारी ही जमीन आतून ओली असते, म्हणूनच तुमच्या गाड्या तिथे फसतात, आणि मग दुसरी गाडी दोर लावून ओढते, त्याचाही व्हिडिओ होतो.

आता त्या चिकणमातीचा एक वाळलेला खडा घ्या आणि पेल्यातल्या गोड्या पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका. बऱ्याचदा थोड्या वेळात खड्याभोवती दुधाळ ढग जमू लागतो आणि तो खाली बसतच नाही. आमच्याकडचे शेतकरी हे डबक्याच्या गढूळ पाण्यावरूनच ओळखतात : पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी निवळत नाही, म्हणजे जमीन चोपण. पुस्तकी भाषेत, सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण 15 टक्क्यांच्या वर गेले की जमीन चोपण समजतात. या मातीचा एक स्वभाव आहे, तो कळला की माझे सारे गाऱ्हाणे कळेल. मातीतल्या पाण्यात क्षार भरपूर आहेत तोवर चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. ते क्षार गोड्या पाण्याने धुऊन निघाले आणि कणांवरचे सोडियम मात्र तसेच राहिले, की कण एकमेकांपासून सुटतात, पाण्याबरोबर थोडे खाली सरकतात आणि मातीची बारीक छिद्रे बुजवून टाकतात. मग त्या जागी पाणी मुरत नाही, हवा जात नाही, मूळ शिरत नाही.

तुमच्या गाडीचे चाक फिरते तेव्हा वरचा पापुद्रा फुटतो, फुगलेला थर दबतो आणि खालची ओली चिकणमाती लिंपल्यासारखी होते. चार बोटे खोल चाकोरी पडते. सगळ्यात जास्त दाब पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच बसतो, त्यामुळे ‘आम्ही फक्त एकदाच गेलो’ याला अर्थ नाही. हिवाळा जातो, पुढच्या वर्षी बर्फ वितळते. हे वितळलेले पाणी गोडे असते. पूर्वी ते सपाटीवर पातळ थराने पसरत जाई, आता ते चाकोरीत जमा होते. चाकोरीतले क्षार धुऊन निघतात, सोडियम राहते, माती सुटते, छिद्रे बुजतात, आणि उन्हे लागली की चाकोरीचा तळ फरशीसारखा टणक होतो. जिथे अगदी किंचित उतार आहे, डोळ्याला दिसणारही नाही इतका, तिथे तीच चाकोरी ओघळ होते आणि गवताकडे पसरायचे पाणी परस्पर सरोवरात नेऊन टाकते. वर्षाला जिथे एवढासाच पाऊस पडतो (लेहची सरासरी साधारण 100 मिलिमीटर, आमच्या अकोल्याची सातशे-आठशे), तिथे वितळलेल्या पाण्याचा एक ओघ दुसरीकडे वळला तर एखाद्या कुरणाची बाजू वाळून जायला तेवढे पुरे.

आणि कुरण आहे. ड्रोनच्या चित्रात ते दिसत नाही, कारण ड्रोन पांढऱ्या सपाटीवर उडतो. ती पांढरी सपाटी अगदी आतल्या अंगाला आहे. तिच्या बाहेर विरळ खारे गवत, त्याच्याबाहेर बुटक्या लव्हाळ्यांचे हिरवे ओले कुरण, त्याला लडाखी लोक स्पांग म्हणतात, आणि त्याच्यापलीकडे चढावर बुर्त्से आणि तामाची झुडपे. रस्ता या सगळ्याच्या बाहेरून जातो. म्हणजे पांढऱ्यावर पोचायचे तर गाडी आधी बुर्त्सेवरून, मग स्पांगवरून, मग खाऱ्या गवतावरून न्यावी लागते. येताना पुन्हा तेच, आणि बहुधा दुसऱ्याच वाटेने, कारण पहिली वाट एव्हाना चिखल झालेली असते. ‘नुसती खारी माती’ असे जे गृहस्थ मला म्हणाले, ते गवतावरूनच गेले होते.

ही जखम बुजायला किती काळ लागतो? तुमच्या-माझ्या शेतात काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, वरून नांगर फिरतो. दोन-तीन वर्षांत गाडीवाट मोडते. चोपण असली तर आम्ही जिप्सम टाकतो, ताग पेरून गाडतो, निचऱ्याचे चर काढतो. त्सो कारला यातले काहीच नाही. वर्षातला मोठा काळ जमीन गोठलेली, हिरवे राहायला जून ते सप्टेंबरची सुरुवात, एवढेच दिवस. गोठण्या-वितळण्याने वरचा थर थोडा सुटतो, खालचा दाब तसाच राहतो. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात 1942 मध्ये जनरल पॅटन यांनी रणगाड्यांचे प्रशिक्षण सुरू केले होते. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आजही दिसतात. ते वाळवंट तरी उष्ण. आपल्या मातीला जवळची नेवाडा राज्यातली ब्लॅक रॉकची सपाटी, तीसुद्धा आटलेल्या प्राचीन सरोवराचा खारट तळ, थंडी कडक, पाऊस नाममात्र. त्या टापूत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या स्थलांतरितांच्या बैलगाड्यांच्या वाटा अजून ओळखू येतात. फरक एवढा, की त्या लोकांना दुसरा रस्ता नव्हता.

चांगथांगात लांब जायलाही नको. मोरे मैदानावर डांबर पडण्याआधी ट्रक मिळेल तिथून जात. एक वाट खराब झाली की शेजारून दुसरी, तिच्या शेजारून तिसरी. डांबर झाले, ट्रक रस्त्यावर आले, पण त्या जुन्या वाटांचे पट्टे उतरत्या उन्हात नीट दिसतात. पुढच्या खेपेला बघा.

आता माणसांबद्दल. पश्मिना हा शब्द तुमच्या सगळ्या पत्रकांत असतो, खरेदीच्या मुक्कामात. ती लोकर ज्या बकऱ्यांची, त्या याच गवतावर जगतात. कोणत्या महिन्यात कोणत्या कुरणावर कळप न्यायचे ते गावाचा गोबा, म्हणजे मुखिया, इतरांशी बोलून ठरवतो. काही कुरणे उन्हाळ्यात मुद्दाम चारत नाहीत. हिवाळ्यात पारा उणे तीसच्या आसपास जातो, वर बर्फ बसते, तेव्हा तीच शिल्लक कामी येते. त्यामुळे जुलैत तुम्हाला एखादी जागा मोकळी, बिनमालकीची दिसते तेव्हा ती बहुतेकदा कोणीतरी राखलेली असते. 2013 च्या हिवाळ्यात चांगथांगात बेफाम बर्फ पडले आणि चारा न पोचल्याने हजारो बकऱ्या मेल्या. त्यानंतर पुष्कळांनी कळप विकायचे मनावर घेतले. चांगथांगातल्याच खारनाकची बरीच कुटुंबे तर याआधीपासूनच लेहजवळ येऊन राहिली आहेत. उरलेल्यांचे गणित फार बारीक आहे. त्यात चाकोऱ्यांची भर कशाला?

यंदा जुलैत मी तिथे असताना पाच-सहा गाड्यांचा एक ताफा स्पांगवरून आत उतरला. आम्ही लांब चढावर होतो. गाड्या गोल गोल फिरल्या, पांढरी धूळ उठली, गाणी लागली. ज्यांच्याकडे मी उतरतो ते घरातले वडीलधारे, त्यांना मी लडाखी रीतीने आबा-ले म्हणतो, दुर्बिणीतून पाहत होते. त्यांच्याकडे दुर्बीण असते ती लांडगा हेरायला. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि हिंदीत एवढेच विचारले, “ये एम-एच आपका ही है ना?” मी हो म्हणालो. ते पुढे काही बोलले नाहीत, चहा ओतू लागले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

माझी गाऱ्हाणी अशी आहेत.

पहिले आणि सगळ्यात मोठे वर सांगितले : रस्ता सोडून गाडी नेणे तुम्ही विकायला काढले आहे. एखादा पोरगा मस्ती करतो त्याला दटावता येते. पण संयोजकच पैसे घेऊन नेतो तेव्हा येणाऱ्याला वाटते, परवानगी असेल, नाहीतर हे नेतील कसे?

दुसरे, शेकोटी. रात्रीची ‘कॅम्पफायर’ तुमच्या बहुतेक पत्रकांत आहे. त्या उंचीवर झाड नाही, मग जळते काय? जळते ते बुर्त्से. वीतभर उंचीचे खुरटे झुडूप, मूळ मात्र जाड आणि खोल. ते मुळासकट उपटतात, कारण जळण मुळातच असते. ते वाढायला कैक वर्षे लागतात, आणि चढावरची सुटी माती तेच धरून ठेवते. चांगपाही ते जाळतात, पण चहापुरते, शेणाच्या जोडीला. तुमच्या एका रात्रीच्या नाचगाण्याला लागणारा ढीग एखाद्या घराला कितीतरी दिवस पुरेल.

तिसरे, उष्टे आणि कुत्री. तंबूंच्या मुक्कामामागे उरलेले अन्न टाकले जाते, त्यावर भटकी कुत्री पोसली जातात. लडाखचा राज्यपक्षी, काळ्या मानेचा क्रौंच, याच दलदलीत जमिनीलगत घरटे करतो. अंडी आणि पिल्ले कुत्री खातात. तुमची गाडी घरट्यापासून लांब उभी असली तरी तुमची बिर्याणी तिथवर पोचते.

चौथे लहान आहे, पण मला खुपते. स्थानिक ड्रायव्हर ‘आत नको’ म्हणतो, तेव्हा मागून आवाज येतो, “पैसे भरलेत आम्ही.” त्याला पुढच्या हंगामात तुमचेच काम हवे असते. तो गाडी वळवतो.

आता तुमची उत्तरे मला ठाऊक आहेत, दोन तर फोनवरच मिळाली. लष्कराचे ट्रक जातात त्याचे काय? जातात. सीमा जवळ आहे, त्यांना जावे लागते. त्यांचे काम आणि तुमची मजा एका तराजूत घालू नका. दुसरे उत्तर जास्त वजनदार आहे : सरकारच पांगच्या बाजूला एवढा प्रचंड सौरप्रकल्प आणते आहे, मग आमच्या चार चाकांनी काय होणार? खरे आहे. 13 गिगावॅटच्या त्या योजनेची वीज पांगहून हरियाणातल्या कैथलपर्यंत नेणाऱ्या 713 किलोमीटरच्या वाहिनीला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी दिली, खर्च 20,773 कोटींच्या घरात. कुरणे जाणार म्हणून चांगपांना त्याची धास्ती आहे, आणि मला ती रास्त वाटते. पण त्या प्रकल्पाला खाते आहे, कागद आहेत, अर्ज करायला आणि कोर्टात जायला दार आहे. तिथे जे भांडायचे ते तिथे भांडू. तुमच्या चाकोरीबद्दल पहिली दाद कोणाकडे मागायची? तुमच्याकडेच. म्हणून पत्र तुम्हाला.

रोजगार मिळतो, हेही कोणी म्हणेल. मिळतोच, आणि तो नको असे कोणी म्हणत नाही. आबा-लेंचा धाकटा मुलगा त्सो कारजवळच्या थुकजे गावात पाहुणे उतरवतो. त्याला पाहुणे हवेत, ते रस्त्याने आलेले.

माझ्या मागण्या :

1. त्सो कार, मोरे मैदान, त्सो मोरीरीचा काठ आणि हानलेचा परिसर, इथे रस्ता सोडून गाडी चालवण्याचा कोणताही कार्यक्रम पत्रकातून काढा. ज्यांनी त्यासाठी आधीच पैसे भरले आहेत त्यांना कारणासह कळवा, फरक परत करा.

2. नावनोंदणीच्या अटींत एक ओळ घाला : डांबरी रस्ता किंवा ठरलेली गाडीवाट सोडून गाडी उतरवली तर ती गाडी ताफ्यातून बाहेर, आणि अनामत रक्कम जप्त. ती रक्कम तुमच्या खात्यात न ठेवता त्या गावाकडे द्या.

3. बुर्त्सेची शेकोटी बंद. थंडी वाजते तर गरम कपड्यांची यादी नीट द्या.

4. मुक्काम गावात, लोकांच्या घरी किंवा गावाने नेमून दिलेल्या जागीच. उष्टे आणि कचरा लेहला परत आणायचा, त्यासाठी प्रत्येक ताफ्यात जागा आणि माणूस ठेवायचा.

5. मे ते ऑगस्टमध्ये दलदलीवर ड्रोन नाही. पांढऱ्या सपाटीवर गाड्या फिरवण्याचे जे व्हिडिओ तुमच्या पानांवर जाहिरात म्हणून लावले आहेत, ते काढा.

6. ड्रायव्हर नको म्हणाला की नको. हे पाहुण्यांना त्याच्यासमोर, निघण्याआधी सांगा.

वाचणाऱ्या पर्यटकांनाही एक विनंती आहे. पैसे भरण्याआधी संयोजकाला दोन प्रश्न विचारा : गाडी कुठे कुठे रस्ता सोडणार आहे, आणि शेकोटीत काय जाळणार आहात? उत्तर लेखी मागा. दहा जणांनी विचारले तरी पत्रक बदलते. धंदा मला कळत नसला, तरी एवढे कळते.

एक गोष्ट मी करू शकतो, ती सांगून थांबतो. विमानाने येणारा तुमचा प्रत्येक गट लेहमध्ये विरळ हवेची सवय व्हावी म्हणून दोन दिवस थांबतो. लोक हॉटेलात कंटाळतात. त्यातला एक तास द्या. चांगथांगातल्या कोणाला तरी योग्य मानधन देऊन बोलवा, ते कुरणाबद्दल सांगतील. मातीबद्दलचा भाग मराठीत चित्रांसह मी तयार करून ठेवला आहे, तो विनामूल्य देतो, आणि जून-जुलैत लेहमध्ये असेन तेव्हा स्वतः येऊन दाखवतो. पेला, पाणी आणि तो खडा माझ्याकडे आहेच.

तुमचे नवे पत्रक 31 जानेवारीपर्यंत जाहीर करा. ज्यांनी वरच्या सहा गोष्टी मान्य केल्या त्यांची यादी मी याच ठिकाणी, त्यांच्या संमतीने, प्रसिद्ध करीन. ज्यांनी केल्या नाहीत त्यांच्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, पण त्यांची पत्रके लेहच्या पर्यटन आणि वन्यजीव खात्याकडे पाठवीन. हे आधी कळवून करतो आहे, मागून नाही.

कळावे,
आपला,
खारपाणपट्ट्यातला एक निवृत्त मृदाशास्त्र शिक्षक
अकोला